ओळ, संदेश आणि शांतता : कमांड लाइनवरून वेबसॉकेट हाताळताना

कमांड लाइन, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची पद्धत, काही जुन्या गृहीतकांवर उभी आहे. प्रोग्रॅम सुरू होतो, एका बाजूने ओळीओळीने मजकूर घेतो, दुसऱ्या बाजूने तसाच सोडतो, येणारा मजकूर संपला की स्वतःही संपतो आणि जाताना यश की अपयश हे सांगणारा एक आकडा मागे ठेवतो. डग्लस मॅकिलरॉय यांनी लावून धरलेली पाइपची कल्पना केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये उतरवली आणि एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्यात जाऊ लागला, तेव्हापासून ही गृहीतके अधिकच पक्की झाली. वेबसॉकेट ही डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या दस्तऐवजाने प्रमाणित झालेली संपर्कपद्धती यांपैकी जवळजवळ एकही गृहीतक पाळत नाही. तिच्यात जोडणी एकदा झाली की उघडीच राहते, दोन्ही पक्ष हवे तेव्हा बोलतात, संदेशाचा ओळीशी संबंध नसतो आणि संभाषण कधी संपेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. टर्मिनलवरून वेबसॉकेट सेवांची तपासणी करणाऱ्या अभियंत्याच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून उद्भवतात आणि या कामातून हाती लागणारी समजही तिथूनच येते, कारण दोन पद्धती जिथे एकमेकींत नीट बसत नाहीत तिथेच प्रत्येकीची मूळ घडण स्पष्ट दिसते.

वेबवरचा मूळ व्यवहार एचटीटीपी या नियमांनुसार चालतो आणि त्यात ब्राउझरने विचारल्याशिवाय सर्व्हर बोलत नाही. शेअरचा भाव बदलला, निरोप आला, सामन्याचा गुणफलक हलला, अशा गोष्टी तत्काळ दाखवायच्या तर ब्राउझरने थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारत राहणे, किंवा सर्व्हरने सांगण्यासारखे काही मिळेपर्यंत उत्तर मुद्दाम लांबवणे, असे आडवळणाचे उपाय अनेक वर्षे रूढ होते. एचटीएमएल-५ ची आखणी चालू असताना २००८ मध्ये इयन हिक्सन आणि मायकेल कार्टर यांच्या चर्चेतून वेबसॉकेट हे नाव पुढे आले आणि पुढील तीन वर्षांत, बऱ्याच फेरफारांनंतर, आजची रचना स्थिरावली. ती घडली ब्राउझरसाठी. तरीही तिची तपासणी ब्राउझरमधून करणे अपुरे ठरते, याची कारणे ब्राउझरच्या स्वभावात आहेत. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला जोडणीच्या वेळी स्वतःचे हेडर, म्हणजे विनंतीच्या माथ्यावरील माहितीच्या ओळी, घालता येत नाहीत; जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्व्हरने केलेली विचारणा तिला दिसत नाही; आणि जोडणी मुळातच नाकारली गेली, तर ती का नाकारली हे सुरक्षेच्या कारणास्तव तिला सांगितले जात नाही. पानावर फक्त जोडणी तुटल्याचे कळते. टर्मिनलवर हा मध्यस्थ नसतो आणि त्यामुळे जे घडते ते पायरीपायरीने पाहता येते.

पहिली पायरी हँडशेकची. जोडणी मागणारा प्रोग्रॅम, ज्याला क्लायंट म्हणतात, एक साधी एचटीटीपी विनंती पाठवतो आणि तिच्या हेडरमध्ये हीच जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलावी अशी मागणी करतो. सोबत आवृत्ती म्हणून १३ हा आकडा असतो आणि १६ यादृच्छिक बाइट बेस-६४ या रूपात मांडून केलेली २४ अक्षरांची किल्ली असते. सर्व्हर त्या किल्लीच्या पुढे प्रमाणकात ठरवून दिलेली ३६ अक्षरांची एक कायमची खूण जोडतो, त्या जोडमजकुराचा एसएचए-१ पद्धतीने २० बाइटांचा सारांश काढतो, तो २८ अक्षरांत मांडून परत पाठवतो आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत १०१ हा क्रमांक लिहितो. या देवघेवीत गुप्त असे काही नाही. समोरचा सर्व्हर खरोखर वेबसॉकेट जाणणारा आहे, भलत्याच प्रकारचा सर्व्हर चुकून होकार देत नाही, एवढीच खात्री तिच्यातून मिळते. हा हिशेब टर्मिनलवर तीन लहान प्रोग्रॅम पाइपने जोडून करता येतो आणि तो करताना नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडतो. मजकूर छापणारी ‘एको’ ही नेहमीची आज्ञा शेवटी नव्या ओळीचे न दिसणारे चिन्ह आपणहून जोडते, सारांश त्या चिन्हासह निघतो आणि उत्तर सर्व्हरच्या उत्तराशी जुळत नाही. ते चिन्ह न जोडणारी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा वापरली की दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. ओळ हे कमांड लाइनच्या हाडीमासी भिनलेले एकक आहे आणि वेबसॉकेटला ते मान्य नाही, याची पहिली जाणीव इथे होते.

हँडशेक स्वतंत्रपणे पाहता येणे हा रोजच्या कामातला सर्वांत मोठा लाभ ठरतो, कारण तक्रार जवळजवळ नेहमी ‘सॉकेट जोडले जात नाही’ एवढ्याच शब्दांत येते आणि तिच्यामागची कारणे एकमेकांपासून फार दूरची असतात. १०१ येण्याआधी जे बिघडते ते सारे एचटीटीपीचे दुखणे असते आणि त्याचा क्रमांकही एचटीटीपीचाच असतो. ४०१ आला तर ओळख पटलेली नाही, ४०३ आला तर ओळख पटूनही परवानगी नाही, ४०४ आला तर मार्गच चुकला आहे. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आतल्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, असेल तर आणखी एक शक्यता उभी राहते. जोडणी बदलण्याची मागणी करणारे हेडर नियमाने एका टप्प्यापुरतेच असतात, त्यामुळे प्रॉक्सी ते आपणहून पुढे पाठवत नाही. एन्जिनएक्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रॉक्सीत ही सोय २०१३ पासून आहे, परंतु ती रचनेच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहून द्यावी लागते. तीच विनंती एकदा प्रॉक्सीकडे आणि एकदा थेट आतल्या सर्व्हरकडे पाठवली आणि दुसऱ्या वेळी १०१ आला, तर दोष कोठे आहे हे तिथल्या तिथे ठरते. कर्ल या आज्ञेने असा हँडशेक हाताने रचून पाठवताना एचटीटीपी १.१ चा आग्रह धरावा लागतो, कारण सुरक्षित जोडणीवर कर्ल आणि सर्व्हर आपसांत एचटीटीपी-२ ठरवून मोकळे होतात आणि त्या आवृत्तीत ही मागणीच चालत नाही. तिच्यासाठी २०१८ मध्ये आरएफसी ८४४१ ने वेगळी वाट घालून दिली आहे.

१०१ नंतर तीच जोडणी वेगळ्या नियमांनी चालू लागते. आता जे काही जाते ते फ्रेममध्ये, म्हणजे माथ्यावर स्वतःची माहिती वाहणाऱ्या लहान पुडक्यात बांधून जाते. फ्रेमच्या पहिल्या बाइटात हा संदेशाचा शेवटचा तुकडा आहे का हे सांगणारा एक बिट, पुढील विस्तारांसाठी राखून ठेवलेले तीन बिट आणि फ्रेमचा प्रकार सांगणारे चार बिट असतात; प्रकार १ म्हणजे मजकूर, २ म्हणजे द्विमान माहिती, ८ म्हणजे समारोप, ९ आणि १० म्हणजे पिंग व पाँग ही जिवंतपणाची विचारणा आणि तिचे उत्तर. दुसऱ्या बाइटात मुखवट्याचा एक बिट आणि लांबीचे सात बिट असतात. हँडशेक हाताने टंकून पूर्ण केल्यावर पुढचा निरोपही सरळ टंकावा असा मोह होतो, पण सर्व्हर जोडणी तोडतो, आणि का तोडतो हे बिट मांडून पाहिले की कळते. रोमन लिपीतल्या कोणत्याही अक्षराच्या बाइटाचा सर्वांत वरचा बिट शून्य असतो, म्हणून दुसरे अक्षर मुखवटा नसल्याची ग्वाही देते, आणि क्लायंटकडून मुखवट्याविना आलेली फ्रेम सर्व्हरने नाकारलीच पाहिजे असा नियम आहे. देवनागरीत टंकून पाहिले तर मुखवट्याचा बिट योगायोगाने जुळतो, कारण ‘न’ या अक्षराचा दुसरा बाइट एकने सुरू होतो, परंतु पहिल्या बाइटाने राखीव बिट उचललेले असल्याने तीही फ्रेम बाद ठरते.

मुखवट्याची ही सक्ती निरर्थक वाटण्याजोगी आहे, कारण मुखवट्याची ३२ बिटांची किल्ली त्याच फ्रेममधून उघड पाठवली जाते आणि ती कोणीही वाचू शकतो. तिचे कारण २०१० मधल्या एका शोधात आहे. दुष्ट हेतूने लिहिलेले वेबपान वेबसॉकेटमधून नेमके असे बाइट पाठवू शकते की वाटेतल्या एखाद्या जुन्या प्रॉक्सीला ती नवी एचटीटीपी विनंती वाटावी आणि त्याने खोटे उत्तर इतरांसाठी साठवून ठेवावे, असे ॲडम बार्थ, कॉलिन जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यानंतर फायरफॉक्स आणि ऑपेरा या ब्राउझरांनी वेबसॉकेटची सोय काही काळ बंद ठेवली. प्रत्येक फ्रेम वेगळ्या यादृच्छिक किल्लीने झाकली की तारेवर कोणते बाइट दिसतील यावर पानाचा ताबा राहत नाही, म्हणून मुखवटा आला. टर्मिनलवरून काम करणाऱ्याला या धोक्याशी काही देणेघेणे नसते, तरी त्याच्या साधनाला प्रत्येक निरोपामागे चार बाइट खर्चावेच लागतात. ब्राउझरसाठी केलेला नियम ब्राउझर नसलेल्यांनाही बांधून ठेवतो.

फ्रेम बांधण्याचे हे काम करणारी तयार साधने आता पुरेशी आहेत. नोड-जेएसवर चालणारे डब्ल्यूएसकॅट हे समोरासमोर बोलण्यासाठी सोयीचे आहे. रस्ट या भाषेत लिहिलेले वेबसोकॅट हे पाइपमध्ये बसवण्यासाठी अधिक योग्य आहे. आणि कर्लने ऑक्टोबर २०२२ मधल्या ७.८६.० या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आणलेली वेबसॉकेटची सोय नोव्हेंबर २०२४ मधल्या ८.११.० मध्ये कायम केली. डब्ल्यूएसकॅट आणि वेबसोकॅट ही दोन्ही नावे नेटकॅट या १९९० च्या दशकातल्या साधनाच्या वंशातली आहेत आणि त्यांनी वारसाही त्याचाच घेतला आहे, की जे टंकले ते पलीकडे पाठवावे आणि पलीकडून आले ते पडद्यावर दाखवावे. मात्र नेटकॅट केवळ बाइटांचा प्रवाह वाहत असे, तर या साधनांना प्रवाहातून संदेश वेगळे काढावे लागतात, आणि त्यासाठी त्यांनी एक सोयीचा करार पत्करला आहे, तो म्हणजे एक ओळ म्हणजे एक संदेश.

हा करार बहुतेक वेळा निभावतो आणि म्हणूनच तो मोडतो तेव्हा गोंधळ उडतो. वाचायला सोपे जावे म्हणून अनेक ओळींत मांडलेला जेसन मजकूर, म्हणजे नावे आणि मूल्ये यांच्या जोड्यांत लिहिलेली माहिती, फाइलमधून जसाच्या तसा पाठवला तर प्रत्येक ओळ स्वतंत्र संदेश होऊन जाते, पहिल्या संदेशात निव्वळ उघडणारा महिरपी कंस पोहोचतो आणि सर्व्हर मजकूर समजत नसल्याची तक्रार करतो. जेक्यू या आज्ञेने तो मजकूर आधी एका ओळीत आवळून घेणे ही त्यावरची रूढ तोड आहे. उलट दिशेने, सर्व्हरच्या एकाच संदेशात नव्या ओळीची चिन्हे असतील तर पडद्यावर दोन-तीन संदेश आल्याचा भास होतो. वेबसोकॅटमध्ये ओळीऐवजी शून्य बाइट हे सीमाचिन्ह मानण्याची सोय आहे ती यासाठीच. लांबीच्या बाबतीतही डोळ्यांना दिसणारे आणि तारेवर जाणारे यांत फरक पडतो. वेबसॉकेटचा मजकूर यूटीएफ-८ मध्येच असावा असा नियम आहे आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ‘नमस्कार’ हा शब्द चार अक्षरांचा दिसला तरी हलन्त आणि काना धरून सात चिन्हांचा आणि २१ बाइटांचा असतो. सर्व्हरकडून तो २३ बाइटांच्या फ्रेममध्ये येतो आणि क्लायंटकडून मुखवट्यासह २७ बाइटांच्या फ्रेममध्ये जातो. मोठा संदेश अनेक फ्रेमांत तोडून पाठवला तर तोड एखाद्या अक्षराच्या मधोमधही पडू शकते आणि नियमानुसार ते योग्यच आहे, कारण शुद्धतेची अट संपूर्ण संदेशाला लागू आहे, तुकड्याला नाही. मराठी किंवा हिंदी मजकूर पाठवणाऱ्या सेवेची तपासणी केवळ इंग्रजी नमुन्यांवर झाली तर या जागचे दोष सापडत नाहीत, कारण तिथे बाइट आणि अक्षर एकच असतात.

ओळीनंतर दुसरे गृहीतक शेवटाचे. पाइपच्या जगात ‘मजकूर संपला’ आणि ‘काम संपले’ यांत भेद नसतो. वेबसॉकेटमध्ये आपले बोलणे संपले तरी ऐकणे बाकी असते. एका ओळीचा निरोप पाइपने वेबसोकॅटला दिला की निरोप जातो, येणारा मजकूर संपल्याचे साधनाला कळते, ते शिरस्त्याप्रमाणे समारोपाची फ्रेम पाठवते आणि सर्व्हरचे उत्तर यायच्या आधीच संभाषण मिटते. पडद्यावर काहीच उमटत नाही आणि सर्व्हर उत्तर देत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वास्तविक सर्व्हरला उत्तर देण्याची उसंतच मिळालेली नसते. त्यावर साधनाला समारोप पाठवू नये असे सांगता येते, एकच संदेश घेऊन थांबण्याची सूचना देता येते, किंवा डब्ल्यूएसकॅटमध्ये निरोपासोबत किती सेकंद वाट पाहायची तो आकडा देता येतो. यांतला कोणता उपाय निवडायचा हे ठरवताना, उत्तर एकच येणार की अनेक येणार, आणि शेवटचे कोणते हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. एचटीटीपीत हा प्रश्न नियमांनीच सोडवलेला असतो. वेबसॉकेटमध्ये तो सेवा रचणाऱ्याने सोडवायचा असतो, आणि तो अनेकदा अर्धवटच सोडवलेला आढळतो. टर्मिनलवर साधी एक ओळ लिहिताना आलेली अडचण अशा वेळी सेवेच्या आखणीतली उणीव दाखवून देते.

स्वयंचलित तपासणीत हाच प्रश्न आकड्यांच्या रूपाने येतो. संपण्याची खात्री नसलेल्या आज्ञेला ‘टाइमआउट’ या आज्ञेत गुंडाळून काळाची मर्यादा घातली जाते आणि मर्यादा ओलांडली की ती १२४ हा आकडा परत करते. कमांड लाइनच्या रीतीने शून्याखेरीज प्रत्येक आकडा अपयशाचा असला, तरी सतत वाहणाऱ्या सेवेच्या बाबतीत मर्यादेपर्यंत जोडणी टिकली हेच यश असते, म्हणून इथे १२४ ला यश मानण्याची उलटी नोंद करावी लागते. वेबसॉकेटचे स्वतःचे समारोप क्रमांक वेगळेच आहेत. १००० म्हणजे रीतसर निरोप, १००१ म्हणजे समोरचा निघून चालला आहे, १००७ म्हणजे मजकूर अशुद्ध, १००९ म्हणजे संदेश फार मोठा, १०११ म्हणजे सर्व्हरमध्ये अनपेक्षित बिघाड. यांत १००६ हा क्रमांक विशेष आहे, कारण तो तारेवरून कधीच जात नाही. समारोपाची फ्रेम न येताच जोडणी तुटली की आपल्याच बाजूचे साधन तो नोंदवते. त्यामुळे ‘सर्व्हरने १००६ पाठवला’ असे वाक्य अहवालात आले की ते लिहिणाऱ्याने तारेवरचा व्यवहार पाहिलेला नाही हे जाणत्या वाचकाच्या लगेच लक्षात येते.

सर्वांत अवघड असते ती शांतता. पडद्यावर काही येत नाही याचे अर्थ निदान चार असू शकतात: सांगण्यासारखे काही घडलेले नाही, जोडणी मेलेली आहे, सर्व्हर अडकला आहे, किंवा संदेश आलेले आहेत पण वाटेत साठून राहिले आहेत. शेवटची शक्यता कमांड लाइनचीच देणगी आहे. अनेक प्रोग्रॅम पडद्यावर लिहिताना ओळ पूर्ण होताच ती सोडतात, परंतु पाइपमध्ये लिहिताना काही हजार बाइट साठेपर्यंत थांबतात. संदेश लहान आणि विरळ असतील तर ग्रेप किंवा जेक्यू यांच्या पोटात ते मिनिटेच्या मिनिटे पडून राहतात, आणि दोघांनाही दर ओळीला बाहेर सोडण्याची स्पष्ट सूचना द्यावी लागते. मेलेल्या जोडणीचे निदान त्याहून कठीण, कारण टीसीपी या खालच्या थराच्या दृष्टीने काहीही न पाठवणारी जोडणी आणि मध्येच तार तुटलेली जोडणी यांत फरक नसतो. लिनक्समध्ये त्या थराची स्वतःची विचारणा चालू केली तरी मूळ मांडणीनुसार ती पहिल्यांदा ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. म्हणून वेबसॉकेटने पिंग आणि पाँग स्वतःच्या नियमांत घेतले. रात्री गस्त घालणाऱ्याच्या शिट्टीत बातमी नसते, पण ती ऐकू येत राहणे हीच पहारा जागा असल्याची खूण असते. पिंगचे काम तसेच आहे. डब्ल्यूएसकॅटला सांगितले तर पिंग आणि पाँग दोन्ही पडद्यावर दिसतात आणि वेबसोकॅटला ठरावीक अंतराने पिंग पाठवायला सांगता येते.

शांततेच्या निदानात घड्याळ फार उपयोगी पडते. प्रत्येक ओळीपुढे वेळ छापणारी ‘टीएस’ ही लहानशी आज्ञा पाइपच्या शेवटी जोडली की शेवटचा संदेश आणि तुटण्याची वेळ यांतले अंतर वाचता येते, आणि ते अंतर बरोबर ६० सेकंदांचे निघाले तर संशय सर्वप्रथम मध्यस्थावर जातो, कारण इतक्या वेळात आतल्या सर्व्हरकडून काहीच आले नाही तर जोडणी बंद करावी, ही एन्जिनएक्सची मूळ मांडणी आहे. खऱ्या बिघाडाच्या वेळा अनियमित असतात. नेमका, गोल आकडा माणसाने कोठेतरी लिहून ठेवलेला असतो. असा आकडा दिसला की जाळ्याचे दोष शोधत बसण्याऐवजी रचनेच्या फाइली उघडाव्यात, हे या कामात मुरलेल्यांचे ठाम मत असते.

ओळ, शेवट आणि शांतता हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहायचे तर मुंबईच्या शेअर बाजारातले भाव वाहून आणणाऱ्या जोडणीसारखे उदाहरण दुसरे नाही. झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या काइट कनेक्ट या सेवेत एका जोडणीवर ३,००० पर्यंत रोख्यांचे भाव मागवता येतात. मागणी जेसन मजकुरात जाते, पण भाव द्विमान रूपात येतात. संदेशाच्या पहिल्या दोन बाइटांत त्यात किती पुडकी आहेत तो आकडा असतो, पुढील दोन बाइटांत पहिल्या पुडक्याची लांबी असते. केवळ शेवटचा भाव हवा असेल तर पुडके ८ बाइटांचे, सगळा तपशील हवा असेल तर १८४ बाइटांचे. शेअरचा भाव पैशांत असतो, म्हणजे १,५६,०२५ हा आकडा १,५६० रुपये २५ पैसे असा वाचायचा. हे बाइट टर्मिनलवर सरळ सोडले तर पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे उमटतात, म्हणून ते ‘ओडी’सारख्या आज्ञेतून आकड्यांच्या रूपात पाहिले जातात, तिथेही मोठा बाइट आधी असा क्रम स्पष्ट सांगितला नाही तर नेहमीच्या संगणकावर उलटा क्रम धरला जाऊन भाव कोट्यवधींत निघतो.

खरी मेख मात्र पुढे आहे. सांगण्यासारखा भाव नसेल तेव्हा जोडणी जिवंत राहावी म्हणून ही सेवा दर काही सेकंदांनी एका बाइटाचा संदेश पाठवते. पिंगची फ्रेम साधन परस्पर हाताळते, पण हा बाइट सेवेच्या स्वतःच्या थरातला असल्याने तो माहिती म्हणूनच हाती येतो. द्विमान संदेश पाइपमध्ये शिरले की त्यांच्यातल्या सीमा पुसल्या जातात आणि एकापुढे एक बाइटांची रांग उरते. त्या रांगेत हा एकटा बाइट मिसळला की त्यापुढचे सगळे वाचन एका जागेने सरकते आणि प्रत्येक आकडा खोटा ठरतो. वेबसोकॅटमध्ये प्रत्येक द्विमान संदेश बेस-६४ रूपात एकेका ओळीवर मांडण्याची सोय आहे. ती वापरली की पुसलेली सीमा परत येते: एका बाइटाचा संदेश चार चिन्हांची ओळ होतो, एका रोख्याच्या शेवटच्या भावाचा १२ बाइटांचा संदेश १६ चिन्हांची ओळ होतो, आणि पुढचे काम जुन्या, ओळी वाचणाऱ्या आज्ञा बिनचूक करतात. कमांड लाइनला संदेश समजत नसेल तर संदेशालाच ओळीचे रूप द्यावे, ही तडजोड या क्षेत्रात पुन्हा पुन्हा उपयोगी पडते. वेबसॉकेटडी या प्रोग्रॅमने तीच तडजोड उलट दिशेने वापरली आहे. ओळी वाचणारा आणि ओळी लिहिणारा कोणताही साधा प्रोग्रॅम त्याला दिला की प्रत्येक नव्या जोडणीसाठी तो त्या प्रोग्रॅमची स्वतंत्र प्रत चालवतो आणि तिची प्रत्येक ओळ संदेश करून पाठवतो.

सुरक्षेच्या बाबतीत टर्मिनल आणखी एक गैरसमज दूर करते. ब्राउझर जोडणी मागताना ‘ओरिजिन’ या हेडरमध्ये आपण कोणत्या संकेतस्थळावरून आलो हे प्रामाणिकपणे सांगतो आणि पान त्यात ढवळाढवळ करू शकत नाही, त्यामुळे परक्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या नावावर गुपचूप जोडणी करू नये यासाठी सर्व्हरने ते तपासणे आवश्यक असते. कमांड लाइनवरून मात्र त्या हेडरमध्ये हवे ते लिहिता येते किंवा ते गाळताही येते. क्रोम ब्राउझरचे दूरस्थ नियंत्रण वेबसॉकेटवर चालते आणि १११ व्या आवृत्तीपासून तो ओरिजिन तपासतो. तेव्हा हेडर आपणहून घालणाऱ्या काही प्रोग्रॅम-लायब्ररींची जोडणी नाकारली गेली आणि ते न घालणारी साधने पूर्ववत चालू राहिली. यावरून स्पष्ट होते की ओरिजिनची तपासणी वापरकर्त्याचे रक्षण परक्या पानांपासून करते, सर्व्हरचे रक्षण परक्या माणसापासून करत नाही. त्यासाठी ओळखपत्राची, म्हणजे टोकनची, स्वतंत्र तपासणी हवी. ते टोकन टर्मिनलवर टंकताना आज्ञांच्या इतिहासात नोंदले जाते आणि चालू प्रोग्रॅमांच्या यादीत त्याच संगणकावरच्या इतरांनाही दिसू शकते, म्हणून ते फाइलमधून वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते.

एवढ्या खटाटोपाचे मोल शेवटी माणसांमधल्या व्यवहारात कळते. वेबसॉकेटच्या दोषांत ब्राउझरची बाजू लिहिणारे, सर्व्हर लिहिणारे आणि प्रॉक्सी सांभाळणारे असे किमान तीन गट गुंतलेले असतात आणि प्रत्येकाला आपल्या हद्दीत सर्व काही ठीक दिसते. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र फारसे पटवून देत नाही, कारण त्यात घडलेले पुन्हा घडवता येत नाही. एका ओळीची आज्ञा मात्र दुसऱ्याच्या टर्मिनलवर तशीच चालते, आणि प्रॉक्सीतून १००६ व थेट १००० असे दोन निकाल शेजारी ठेवले की चर्चा दोषाच्या जागेबद्दल न राहता दुरुस्तीबद्दल होऊ लागते. सतत उघड्या राहणाऱ्या, शेवट ठाऊक नसलेल्या संभाषणातून निश्चित आरंभ, निश्चित मर्यादा आणि निश्चित निकाल असलेला लहानसा तुकडा कापून काढणे, हेच कमांड लाइनवरून वेबसॉकेट हाताळण्याचे कौशल्य आहे. आणि असा तुकडा कापता येत नसेल, तर बहुधा सेवेच्या आखणीतच ‘उत्तर पूर्ण झाले’ असे म्हणण्याची सोय राहून गेलेली असते, जी कोणत्याही साधनाला बाहेरून भरून काढता येत नाही.